अलगदरावांचं ग्लायडर

“आलं का गं?” आतल्या खोलीतून अलगदरावांनी विचारलं.

मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या. समोर स्टुलावर कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालक उभा होता, पँटचा एक पाय दुमडलेला आणि दुसरा टाचेखाली लोळणारा. मावशींनी नुसती मान हलवली. ती मान आतल्या खोलीतून दिसणं शक्य नव्हतं, त्यामुळे तोच प्रश्न पुन्हा आला. मग त्यांनी टाचण्या तळहातावर काढून घेतल्या आणि म्हणाल्या, “नाही हो. आलं की सांगते.”

“काय यायचंय?” दुकानदाराने विचारलं.

“विमान,” मावशी म्हणाल्या. “पाय सरळ ठेवा.”

दुकानदाराने पाय सरळ ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही. कपडे लहानमोठे करणाऱ्या बाईच्या हातात टाचण्या असताना शहाणा माणूस फार चौकशा करत नाही.

आता विमान म्हणजे काही खरं विमान नव्हे. अलगदरावांची सगळी हयात शहर बसच्या ड्रायव्हरकीत गेली. ब्रेक असा लावायचे, की उभ्या प्रवाशाला थांबा आल्याचं खिडकीतून बघितल्यावरच कळायचं. म्हणून डेपोत कुणीतरी अलगदराव म्हणायला लागलं आणि खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं. जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या कुशीतच असायचं. पत्र्याच्या झाकणाखाली ते दिवसभर घरघरायचं, आणि त्या बाजूचा कान त्याने कायमचा अधू करून टाकला. निवृत्त झाल्यावर हा माणूस घरात नुसता फिरायला लागला. मावशींची कात्री इकडची तिकडे ठेव, इस्त्री गरम आहे का ते हात लावून बघ, असले उद्योग. मावशींच्या नाकी नऊ आले. मग लेक आणि जावई एक कॉम्प्युटर घेऊन आले. त्याला हातात धरायचा दांडा होता, पायाशी पेडलं होती, आणि त्यात विमान चालवायचा खेळ होता. त्या खेळाला सिम्युलेटर म्हणतात. पहिल्या आठवड्यात अलगदरावांनी विमानं शेतात घातली, नदीत बुडवली, एक तर थेट विमानतळाच्या इमारतीत नेऊन उभं केलं. “बरं झालं, मी बसवर होतो,” असं स्वतःच म्हणाले आणि पुन्हा बसले.

हळूहळू हात बसला. आणि मग कुठूनतरी त्यांना ग्लायडरची माहिती मिळाली. बिनइंजिनाचं विमान. दुसरं विमान त्याला दोरीने ओढत वर नेतं, वर गेलं की दोरी सुटते, आणि मग आपण नुसतं वाऱ्यावर तरंगत राहायचं. “अगं, इंजिनच नाही,” ते मावशींना सांगायचे. “आवाज नाही, धूर नाही, काही नाही. नुसती हवा.” सांगताना चेहरा असा व्हायचा, की मावशींना लग्नाच्या वेळचा तो बारीक मिशीवाला मुलगा आठवायचा.

त्यांना हवं होतं ते जुन्या बनावटीचं, लाकडी ग्लायडर त्या खेळात नव्हतं. ते वेगळं घेऊन खेळाला जोडावं लागतं. जोडायच्या असल्या गोष्टीला ॲड-ऑन म्हणतात, हे मावशी आता झोपेतही सांगू शकल्या असत्या. लांब कुठेतरी एक माणूस घरी बसून ते ग्लायडर तयार करत होता. जावयाने आधीच नोंदवून ठेवलं होतं. तयार झालं की कॉम्प्युटरवर आपोआप येणार होतं. पुढच्या महिन्यात देतो, असं त्या माणसाने जाहीर केलं. तो महिना आला आणि गेला. त्याच्या पुढचाही गेला.

मावशींना त्याचं नवल वाटलं नाही. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? गुरुवारी या म्हणायचं आणि गुरुवारी गिऱ्हाईक दारात दिसलं की “फक्त काजं राहिलीत हो” म्हणायचं. खरं तर कापडाला अजून कात्री लागलेली नसायची. जावई त्या माणसाची निवेदनं फोनवर वाचून दाखवायचा. आता फक्त पंख राहिलेत. मग पंख झाले, पण वाऱ्याचा आवाज मनासारखा होत नाही. मग घरात आजारपण. मावशी ऐकायच्या आणि मान डोलवायच्या. हा तर आपलाच भाऊबंद, त्या म्हणायच्या, याची नस मला ठाऊक आहे.

पण त्या भाऊबंदाच्या दिरंगाईपायी घरात भलतंच होऊन बसलं होतं. अलगदराव विचारायचे. उठल्याउठल्या विचारायचे, चहा पिताना विचारायचे, कप विसळून ठेवला की पुन्हा विचारायचे. आणि दर वेळी अगदी ताज्या आवाजात, आज पहिल्यांदाच डोक्यात आलं असावं तसं. लेक दोन दिवस राहायला आली तेव्हा तिच्या ते लक्षात आलं. मायलेकी स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या.

“आई, जेवताना बाबांनी तेच किती वेळा विचारलं,” लेक हळू आवाजात म्हणाली. “त्यांना एकदा डॉक्टरांना दाखवू या.”

मावशींचा पारा चढला. “ज्याची वस्तू रखडते तो विचारणारच. माझी गिऱ्हाइकं काय सगळी वेडी आहेत? तीसुद्धा सकाळ-संध्याकाळ विचारतात.”

“आई, हे वेगळं आहे.”

“काही वेगळं नाही. ते ग्लायडर एकदा येऊ दे. ते आल्यावरही विचारत राहिले, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे नेते. मग तर झालं?”

बोलून तर बसल्या. लेक गेली आणि मावशींच्या जिवाला घोर लागला. नवऱ्याचं डोकं शाबूत आहे की नाही, ते आता कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या हातातल्या कामावर ठरणार होतं. त्यांचं त्यांनाच कळेना, आपण हे काय कबूल करून बसलो. ग्लायडर यावं म्हणून त्या आता अलगदरावांपेक्षा जास्त उतावळ्या झाल्या, आणि त्याच वेळी ते जरा उशिराच यावं असंही त्यांना वाटायला लागलं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, हे काही त्यांना उलगडेना.

कारण तशा बाकीच्याही गोष्टी होत्या. मागे एकदा अलगदराव पाव आणायला गेले आणि मोठा वळसा घालून, घामाघूम होऊन परत आले. ज्या चौकातून उभं आयुष्य बस नेली तो चौक त्यांना सापडला नव्हता. पण तिथे रस्ता खणलेला होता, पाट्या लावलेल्या होत्या, कुणीही चुकलं असतं. चष्मा साखरेच्या डब्यात सापडला. पण मावशींनीसुद्धा एकदा टेप फ्रीजमध्ये ठेवली होती. डेपोतला जुना सोबती भेटायला आला, तासभर हसतखेळत बोलला, आणि तो गेल्यावर अलगदरावांनी विचारलं, “कोण होता गं हा?” पण तो सोबतीही केवढा सुटला होता, टक्कल काय पडलं होतं. मावशींकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं. एकेक कारण पटण्यासारखं होतं. सगळी एकदम आठवायची मात्र त्या टाळत.

शेवटी त्यांनी जावयाला फोन केला आणि त्या माणसाला कळवायला सांगितलं. काय लिहू, जावयाने विचारलं. मावशींनी सांगितलं, लिही की मी कपडे शिवते, मला सगळे बहाणे येतात, तेव्हा मला बहाणा सांगू नको. माझ्या घरी एक माणूस तुझ्या विमानाची वाट बघतोय. खरं काय ते सांग.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्या माणसाने लिहिलं होतं, की मलाच माहीत नाही. पंख वाऱ्यात जसे वाकायला हवेत तसे वाकत नाहीत, मी ते सारखे उसवतो आणि परत करतो, कुठे चुकतंय ते मला समजत नाही. तुमच्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

मावशींचा राग तिथेच मावळला. उसवून परत करणं म्हणजे काय असतं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी नमस्कार पोचवला. अलगदराव खूश झाले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “त्या माणसाला एकदा विचारायला हवं, का उशीर होतोय.”

मग एके दिवशी ते आलं. दुपारी जावयाचा फोन आला आणि संध्याकाळी कामावरून परस्पर तो स्वतःच येऊन हजर झाला. मावशींनी हातातला कोट बाजूला टाकला आणि त्याही आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसल्या. अलगदरावांनी शर्टाची गुंडी वरपर्यंत लावली, ड्युटीवर जाताना लावायचे तशी. पडद्यावर हिरवं मैदान होतं. पुढचं विमान निघालं, दोरी ताणली गेली, ग्लायडर गवतावरून खडखडत धावलं आणि उचललं गेलं. जावई शेजारी उभा राहून काहीबाही सांगत होता, पण त्यांना त्याची गरज नव्हती. बरंच वर गेल्यावर त्यांनी दोरी सोडली.

इंजिनाचा आवाज लांब गेला आणि संपला. राहिली फक्त सूं अशी बारीकशी हवा. अलगदरावांनी मान फिरवून चांगला कान पडद्याकडे वळवला.

“ऐक,” ते मावशींना म्हणाले.

मावशींनी ऐकलं. खाली शेतं होती, एक नदी होती, पंख खरोखरच वाऱ्यात हळूच वाकत होते. त्या लांबच्या माणसाने काम चोख केलं होतं, आणि मावशींना मनापासून वाटलं, की त्याला कुणीतरी हे सांगायला हवं. अलगदराव कितीतरी वेळ तरंगत राहिले. मग त्यांनी ते गवतावर असं टेकवलं, की टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. जावयाने टाळ्या वाजवल्या. मावशींना एकदम रडू आलं आणि ते लपवायला त्या चहा टाकायला उठल्या. स्वयंपाकघरातून त्यांनी लेकीला फोन लावला. आलं, त्या म्हणाल्या, काय झकास चालवलं म्हणून सांगू, तू उगाच जीव काढत होतीस माझा. लेक म्हणाली, बरं झालं आई. ती खरंच आनंदली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलगदरावांनी काही विचारलं नाही. चहा झाला, विचारलं नाही. कप विसळला, विचारलं नाही. मावशींनी कोटाच्या बाहीला अस्तर लावायला घेतलं आणि लक्षात आलं, की आपण गुणगुणतोय. किती दिवसांत गुणगुणलो नव्हतो.

दुपारच्या सुमाराला अलगदराव दारात येऊन उभे राहिले. “आलं का गं?”

मावशींचा पाय मशीनवर थांबला. दुसरंच काहीतरी असेल. इस्त्रीवाल्याकडचे कपडे असतील, विजेचं बिल असेल.

“काय आलं का?” त्यांनी विचारलं.

“ग्लायडर. काय म्हणतोय तो माणूस?”

त्या बघतच राहिल्या. काल हाच माणूस त्या खुर्चीत बसला होता, हाच शर्ट अंगात होता. त्यांना क्षणभर वाटलं, आपणच स्वप्न बघितलं की काय. त्यांच्या तोंडावर काय उमटलं असेल कोण जाणे, पण ते अलगदरावांना दिसलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. दाराची चौकट त्यांनी हाताने धरली.

“मी हे आधी विचारलंय का?” ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. “खरं सांग. सारखा विचारतो का मी?”

एवढ्या वर्षांत हा माणूस घाबरलेला मावशींनी कधी पाहिला नव्हता. भर पावसात ब्रेक निकामी झाले होते, तेव्हासुद्धा घरी येऊन त्यांनी आधी जेवायला मागितलं होतं. मावशी उठल्या, जवळ गेल्या.

“छे हो,” त्या म्हणाल्या. “ते कालच आलंय. मीच सांगायला विसरले बघा.”

अलगदरावांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चौकटीवरचा हात सुटला. भीती ओसरली, आणि तिच्या जागी काळजी आली.

“विसरलीस?” ते म्हणाले. “एवढी मोठी गोष्ट?”

“हो ना. हल्ली होतंय खरं असं माझं.”

“दिवसभर मान मोडून शिवत बसतेस, दुसरं काय होणार?” त्यांनी मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरायचं नाही. आपण एकदा डॉक्टरांना दाखवू.”

“दाखवू,” मावशी म्हणाल्या. “पण तुम्ही याल ना माझ्याबरोबर? मला त्यांचं सगळं समजायचं नाही.”

“येणार म्हणजे काय, तुला एकटीला पाठवीन होय? थांब, मीच बोलतो लेकीशी.”

ते आतल्या खोलीत गेले. मावशींना ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं त्यांनी, पण अधू कानामुळे फोनवर ते नेहमीच मोठ्याने बोलत. अगं, तुझ्या आईचं जरा विसरायला होतंय, ते लेकीला सांगत होते, फार काही नाही, पण वेळीच दाखवलेलं बरं. मग बराच वेळ ते नुसते हं, हं करत राहिले.

“नाही गं, रडतेस कशाला,” शेवटी ते म्हणाले. “मी आहे ना तिच्यापाशी.”

मावशी मशीनशी जाऊन बसल्या. कोट मांडीवर घेतला, बाही उलटी केली आणि आतला फोन संपेपर्यंत त्यांनी पाय हलवला नाही.