तिसऱ्या पातळीवरचं दार

दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याचे नंबर काढणारा हा माणूस घरी आला की जुन्या कॉम्प्युटर गेम्समध्ये बुडून जायचा. मागच्या खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली होती. त्यांत फ्लॉप्या, सीड्या आणि पिवळे पडलेले मॉनिटर. त्याची बायको भूगोलाची शिक्षिका. त्या खोलीत कपडे वाळत घालायची आशा तिने कधीच सोडली होती. तो या गेम्सवर व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकायचा आणि नऊ हजार माणसं त्याला फ्लॉपीकाका म्हणून ओळखायची. त्यातलं एकही कधी चष्म्याला आलं नव्हतं.

त्याची सगळी कीर्ती एकाच गेमवर उभी होती. एका बुडालेल्या कंपनीचा भूलभुलैया. तिसऱ्या पातळीवर एक हिरवं दार लागायचं. किल्ली सापडायची, कुलपात फिरायचीसुद्धा, पण दार ढिम्म हलायचं नाही. फ्लॉपीकाकाने या दारावर सात व्हिडिओ केले. पहिल्यात दार म्हणजे माणसाची हतबलता होती. सातव्यापर्यंत प्रकरण थेट मृत्यूवर गेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, असं लोक खाली लिहायचे.

मग एका बाईंनी लिहिलं की हा गेम त्यांनीच बनवलाय, आणि दार उघडत नाही कारण त्यांच्याकडून एक चूक राहून गेली. दुरुस्त करणार तेवढ्यात साहेबांनी माल बाजारात पाठवला.

चाहते बाईंवर तुटून पडले. एकाने त्यांना आधी गेमचा नीट अभ्यास करायला सांगितलं. फ्लॉपीकाकानेही सौम्य शब्दांत कळवलं की स्वतःच्या कलाकृतीतलं सगळंच कलाकाराला कळतं असं नाही. बाईंनी उत्तरादाखल जुन्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. त्यावर दाराचं चित्र होतं आणि खाली पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘उघडत नाही. सोमवारी बघणे.’

दोन दिवस त्याला जेवण गोड लागेना. शेवटी बायको म्हणाली, त्यांना घरी बोलाव.

रविवारी बाई आल्या. आता त्या रोपवाटिका चालवत होत्या. नखांत माती होती. खुर्ची ओढून मशीनसमोर बसल्या आणि चहा निवायच्या आत त्यांना जागा सापडली.

“इथे शून्य हवं होतं, मी एक घातलाय,” त्या म्हणाल्या. “सत्तावीस वर्षं मनाला लागून राहिलं होतं हो.”

दार उघडलं. पलीकडे बाग होती, विहीर होती, बाकाखाली झोपलेला कुत्रा होता. पुढच्या पातळ्या फ्लॉपीत पहिल्यापासून होत्याच, फक्त तिथवर कुणी पोचलं नव्हतं.  फ्लॉपीकाकाने लगेच व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकला.

बाई खोट्या आहेत, असं चाहत्यांनी ठरवलं. कुत्राही खोटा ठरला. त्याने एकेकाला समजावलं, तरी चारशे जण सोडून गेले. मग एका जुन्या चाहत्याने लांबलचक लेख लिहिला की उघडलेलं दार म्हणजे मूळ गेमचा खून आहे. पुरावे फ्लॉपीकाकाच्याच चौथ्या आणि सातव्या व्हिडिओतले होते. त्याने तो लेख दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी त्याची मान आपोआप डोलली, आणि संध्याकाळी त्याने उघडलेल्या दाराचा व्हिडिओ इंटरनेटवरून हटवला.

बाईंना हे फोनवर सांगताना तो अडखळला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आमचे साहेबही असंच म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “लोकांना चालतंय ना, मग राहू दे.”



मात्र बाईंचं त्याच्या बायकोशी जमलं. आता दर रविवारी दोघी बाहेरच्या खोलीत बसून गेम पुढे खेळतात. आत फ्लॉपीकाका आठवा व्हिडिओ करतो, हे दार कधीच का उघडू शकत नाही यावर. वाक्य रंगात आलं की बाहेरून हसणं ऐकू येतं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गेल्या रविवारी तो दोघींना गप्प करायला बाहेर आला. पाचव्या पातळीवर नदी लागली होती आणि होडी कुणी चालवायची यावर वाद रंगला होता. तो तिथेच उभा राहिला. आत कॅमेरा तासभर रिकाम्या खुर्चीचं चित्रण करत राहिला.