रिंगणातला दोर

"खोगीर सैल झालंय की घोडी वाळलीय?" दिपमालाने कुंपणाबाहेरूनच विचारलं.

"घोडी बी नही, खोगीर बी नही. मना हात ढिला व्हई गया." आबा हसले. वनाने पुढे होऊन पट्टा आवळला आणि आबांनी तो आवळू दिला. हे तिला नवीन होतं.

शिंदखेड्याबाहेर, कपाशीच्या शेतांना लागून, गिरासे घराण्याची ही पागा. दिपमालाच्या पणजोबांनी, जालमसिंगांनी ती उभारली. त्यांच्या हाताखाली संस्थानिकांची मुलं घोड्यावर बसायला शिकली. आजोबांच्या काळात पोलिसात जाऊ पाहणारी कुणब्यांची पोरं आली. तिच्या वडिलांच्या, धनसिंग आबांच्या वाट्याला आधी सुट्टीतली शाळकरी मुलं, मग लग्नाच्या वराती, मग कुणीच नाही. बैठकीत फेटेवाल्या पूर्वजांच्या तसबिरी होत्या. पागेत मैना नावाची एक म्हातारी घोडी होती, आणि तिला खरारा करणारा वना.

जालमसिंगांचा एक नियम मात्र कधी मोडला नव्हता. शिकवणाऱ्याने रिंगणाच्या मधोमध उभं राहायचं. घोड्याच्या तोंडावरच्या म्होरकीच्या कडीतून ओवलेल्या दोराची दोन्ही टोकं त्याच्या हातात. एक टोक सोडलं की दोर सरकन निघून येई आणि घोडं मोकळं होई. पण स्वाराने स्वतःच्या तोंडाने 'सोडा' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. राजाचा मुलगा असो की रखवालदाराचा. आणि म्हटल्यावर क्षणभरही धरून ठेवायचं नाही.

"बठ्ठा तालुका 'सोडा' म्हनी गया," आबा वनाकडे बघत म्हणाले. "तो फौजदार रडत रडत म्हनना, पन म्हनना. मनी पोरच ऱ्हायनी."

"पोर आता पन्नाशीला टेकलीय, आबा."

"मंग? घोडीले काय तुना दाखला दावना शे का?"

वना तोंडावर हात धरून हसला. दिपमालाही हसली, पण ती आली होती वेगळ्याच कामाला. जळगावच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. घरी ती एकटीच, आणि इथे आबा एकटे. गेली काही वर्षं दर खेपेला ती हेच बोलायला यायची आणि न बोलता परतायची. आज बोलली.

"नरडाण्याचे प्रेमराजभाऊ मैनेला न्यायला तयार आहेत. चांगले सांभाळतील. वनाभाऊंनाही आता दिसत नाही नीट. तुम्ही चला माझ्याकडे."

"जळगावले काय करू मी? तुन्या पुस्तकेस्ले खरारा करू?"

"आबा, मी गंमत करत नाहीये."

त्यांनी मैनेच्या मानेवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "बरं. एक चक्कर मार. 'सोडा' म्हन. त्याच दिन मी येसू तुनासंगे."

तिने घोडीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "पुढच्या वेळी. आता बस चुकेल."

"भ्याव वाटस तिले," आबांनी वनाला समजावून सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. यंदा पाऊस उशिरा आहे, असं सांगावं तसं. "ल्हानपनपासून वाटस. मले शिकाडता उनं नही."

तिने पिशवी उचलली. फाटकापर्यंत ते आले, म्हणाले, "पोची गई की फोन कर." तिने केला. मैनेने दाणे नीट खाल्ले, एवढं सांगून त्यांनी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो वनाचा.

तेराव्यापर्यंत माणसं येत राहिली. थोर घराणं, मोठी माणसं, असं म्हणत तसबिरींकडे बघत बसली. जालमसिंगांच्या गोष्टी दोन-दोनदा निघाल्या. धनसिंगांविषयी सगळे म्हणाले, माणूस साधा होता. ती चहा देत राहिली.

मग घर रिकामं झालं आणि प्रेमराज टेम्पो घेऊन आला. फाटकाबाहेरच थांबला. "ताई, घाई नही. तुमनं मन व्हई तवय."

मैना पागेच्या दारात उभी होती. दिपमालाने चपला काढल्या.

"वनाभाऊ, खोगीर घाला."

वनाने विचारलं नाही. पट्टा आवळला, दोर ओवला, तिच्या पायाखाली ओंजळ धरली. मग तो रिंगणाच्या मध्यावर गेला. तीन पिढ्यांच्या टाचांनी तिथे खळगा पडला होता. त्यात तो उभा राहिला.

मैना चालू लागली. वना दोर धरून जागच्या जागी वळू लागला. त्याला नियम ठाऊक होता. त्याने ना घाई केली, ना धीर दिला.

लहानपणी आबा असेच वळायचे. दिवसभर त्यांना माणसं असायची, घोडी असायची, घराण्याचं नाव असायचं. पण दोर हातात असेपर्यंत ते फक्त तिच्याकडे बघत असत. ती जिकडे जाईल तिकडे त्यांचा चेहरा. 'सोडा' म्हटलं असतं, तर ते दुसऱ्या पोराकडे वळले असते. म्हणून तिने कधी म्हटलं नाही. त्यांनी त्याला भीती म्हटलं, आणि तिने ते तसंच राहू दिलं.

आणखी एक चक्कर झाली. आणखी एक. फाटकाबाहेर प्रेमराज पाठ करून उभा होता.

"मले भ्याव नही वाटे, आबा," ती म्हणाली. किती वर्षांनी ती त्यांच्या बोलीत बोलत होती. वना वळता वळता थांबला नाही.

तिने लगाम दोन्ही हातांत घेतला.

"सोडा."