सरांची दाढ

व्हायोलिनचे सर गालाला रुमाल लावून दवाखान्यात शिरले, तेव्हा डॉक्टरीणबाईंना मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. या माणसावर त्यांचा जुना दात होता, आणि आज त्याचीच दाढ त्यांच्या हाती लागली होती.

गेल्या वर्षीची गोष्ट. व्हायोलिनच्या क्लासच्या कार्यक्रमात बाईंची लेक चिऊ वाजवायला उभी राहिली आणि तिचा गज तारेवर थरथरायला लागला. सरांनी मधेच हात वर करून तिला थांबवलं. "हे वादन नाही, थंडी वाजतेय हिला. चला, पुढचा कोण?" भरलेलं सभागृह हसलं. चिऊचा बाबाही सगळ्यांबरोबर हसून बसला. घरी गेल्यावर त्याचं जे व्हायचं ते झालं.

तेव्हापासून क्लासच्या दिवशी चिऊच्या पोटात कळा यायच्या. "सोड ते," आई म्हणायची. पण पोरगी हट्टी. "मला सर आवडत नाहीत, व्हायोलिन आवडतं," म्हणायची. दुसरा शिक्षक जवळपास नव्हता. आता परीक्षा उद्यावर आली होती आणि सकाळपासून चिऊच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"बसा सर," डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या.

सर खुर्चीत टेकले खरे, पण ट्रेमधली सुई बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, तरी बोटं थरथरायची थांबेनात. बाईंनी घाई केली नाही. एकेक हत्यार उचलून, उजेडात धरून, खण्णकन परत ट्रेमध्ये ठेवलं. बाहेरच्या बाकावर पेशंट बसले होते आणि दार उघडंच होतं.

"अगं, बघ जरा," त्यांनी मदतनीस मुलीला मोठ्याने हाक मारली. "सरांना थंडी वाजतेय वाटतं!"

बाहेर कुणीतरी खुसखुसलं. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांना ते वाक्य आठवलं, हे त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं, आणि बाईंच्या काळजाला असा काही गारवा मिळाला की विचारू नका.

"तुमची मुलगी..." सर पुटपुटले.

"माझीच. वर्षभर पोट धरून तुमच्याकडे येतेय. तुम्ही चारचौघांत बोललात, आता माफीही चारचौघांत मागायची. उद्या, परीक्षेच्या आधी. आ करा."

आ केलेल्या तोंडाने माणूस नाही कसं म्हणणार? बाईंनी व्यवस्थित भूल दिली, काम चोख केलं. हात धुताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या खोलीबाहेर मुलं आणि पालक दाटीवाटीने उभे होते. सुजलेला गाल घेऊन सर आले, चिऊसमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गेल्या वर्षी मी तुझी थट्टा केली. माझं चुकलं. मला माफ कर."

सगळ्या माना चिऊकडे वळल्या. ज्या गोष्टीचा विसर पडला होता, ती ज्याला त्याला पुन्हा आठवली. बाईंनी विजयाने लेकीकडे पाहिलं, तर तिचे ओठ पांढरे पडलेले.

"आई, तू सांगितलंस ना त्यांना?"

"मग? सोडते की काय!"

"आता सगळे माझ्याच हाताकडे बघणार!" ती बाथरूममध्ये पळाली आणि आतून कडी लागली.

आई दारावर टकटक करत राहिली. मागे सरही येऊन उभे राहिले. "बाळा, दीर्घ श्वास घे," आई म्हणाली. "पहिल्या सुरावर लक्ष दे," सर म्हणाले.

"तुम्ही दोघंही जा इथून!" ती आतून ओरडली. "लांब जा! जिन्यावर जा!"

दोघं निमूटपणे जिन्यावर जाऊन बसले, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. थोड्या वेळाने कडी वाजली, पावलं परीक्षेच्या खोलीकडे गेली. मग व्हायोलिन सुरू झालं. पहिलाच सूर थरथरला. तुटला. बाईंनी पदर मुठीत आवळला. आतून चिऊचा बारीक पण स्पष्ट आवाज आला, "मी पुन्हा सुरू करू का?" कुणीतरी हो म्हणालं असावं, कारण सूर पुन्हा आला, अजून कापरा होता, पण या वेळी पुढे चालत राहिला.

"थांबली नाही," सर हळूच म्हणाले. "त्या दिवशीही थांबली नसती. मीच थांबवली."

माणूस खरं बोलत होता, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला. आणि आज आपणही त्याच्यासारखंच लेकीला चारचौघांत उभं केलं, हे टोचत होतं त्याचाही रागच आला.

सरांनी गाल दाबून धरला. "फार ठणकतंय हो. एखादी गोळी असेल का तुमच्याकडे?"

गोळी पर्समध्ये, अगदी वरच्याच कप्प्यात होती.

"बघते," त्या म्हणाल्या, आणि चिऊचं वाजवणं संपेपर्यंत बघतच राहिल्या.

चिऊ पास झाली, अगदी बेताच्या मार्कांनी. आईशी मात्र ती आठवडाभर बोलली नाही.