पुरे म्हणणारा

माझे वय विचारू नका, मित्रांनो. उंदीर आहेत तेव्हापासून मी आहे. मी उंदराचा एक जनुक, म्हणजे शरीर कसे चालवायचे याची एक छोटीशी सूचना. आईकडून एक आणि बाबांकडून एक अशा माझ्या दोन प्रती प्रत्येक उंदरात असतात. एकीवरही भागते.

माझे काम कटकट्या माणसाचे आहे. अंगात जंतू शिरले की टी पेशी नावाचे शिपाई खवळून उठतात. जंतू संपले तरी त्यांचा हात थांबत नाही. तेव्हा मी म्हणतो, "पुरे!" शाबासकी शिपायांना मिळते, मला कोणी विचारत नाही. त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या एका प्रयोगशाळेत मिनेको इसोबे या संशोधक बाईंनी माझे काम शोधायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी एका उंदीर घराण्यातल्या आई-बाबांत माझी एकेकच प्रत ठेवली. त्यामुळे ज्या पिल्लांना दोघांकडूनही माझी प्रत मिळाली नाही, ती माझ्याविना जन्मली. तरी ती चांगली गुबगुबीत होती.

"हा जनुक बिनकामाचा दिसतोय," प्रयोगशाळेचे प्राध्यापक हसले.

तीन आठवड्यांनी ती पिल्ले मरू लागली. उंदीरघराचे प्रमुख हिराबायाशीसान (जपानीत 'सान' म्हणजे आपले 'राव' किंवा 'बाई') स्वच्छतेचे भारी वेडे. पिल्लू जरा मलूल दिसले की ते त्याला लगेच वेगळ्या पिंजऱ्यात हलवत.

"इसोबेसान, ही साथ आहे. शुक्रवारी सगळं घराणं संपवायचं. बाकीच्या खोल्या धोक्यात घालू का मी?"

"अहो, पण मरतात ती जनुक नसलेलीच!"

"साथ अशक्तांनाच आधी गाठते. मग इतरांची पाळी."

"इतरांना लागलेली पाहिलीत कुठे तुम्ही? पिल्लू मलूल झालं की उचलता! एकदा राहू द्या ना जनुक असलेल्या भावंडांत. खोलीला कुलूप लावा. हवं तर मलाही आत कोंडा."

"आणि आतल्या सफाईत तुमच्या चुका कोण काढणार? मलाच यावं लागणार ना आत?" हिराबायाशीसान पुटपुटले. पण शुक्रवार त्यांनी पुढे ढकलला.

माझ्याविना जन्मलेले, ओळखीसाठी कानाला खाच पाडलेले एक पिल्लू मलूल झाले. या वेळी त्याला कोणी हलवले नाही. भावंडे त्याच्या अंगावर चढून झोपत, एकाच नळीतून पाणी पीत. काही दिवसांनी ते मेले. भावंडे मात्र ठणठणीत राहिली आणि त्यांच्या रक्तात एकही जंतू सापडला नाही. मेलेल्या पिल्लाच्या हृदयात त्याचेच शिपाई घुसले होते. घराणे वाचले. मी कशासाठी आहे, तेही सगळ्यांना कळले.

शरदात प्रयोगशाळेतली माणसे मेलेल्या प्राण्यांच्या स्मरणशिळेपुढे जमतात. हिराबायाशीसाननी फुलांशेजारी उंदरांच्या खाण्याची एक गोळी ठेवली.

"आधीच्या सगळ्यांना मी एकटं मरू दिलं हो," ते म्हणाले.

"हे एक तरी उबेत गेलं," मिनेकोबाई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्यातही भांडण वाढायच्या आत 'पुरे' म्हणणारे कोणी असेल. त्याला बिनकामाचे म्हणू नका, दूर करू नका. त्या पिल्लाला ऊब देणाऱ्या प्रत्येक भावंडात मी होतो. अगदी त्याच्या अंगाला अंग लावून होतो. पण त्याच्या आत नव्हतो, म्हणून मला 'पुरे' म्हणता आले नाही.