अंगठ्याची पोहोच

आमच्या ह्यांना फोनवर अंगठा द्यायची खोड आहे. कुणी काही पाठवो, हे अंगठा दाबून मोकळे. मुलाने नोकरी लागल्याचं कळवलं, अंगठा. लेकीने ताप आल्याचं कळवलं, तरी अंगठाच. मी दोन यत्ता शिकलेली बाई, पण निदान 'बरं' एवढं तरी लिहिते.

टीव्हीवरच्या एका मालिकेत एक खाष्ट सासू आहे. तिच्या चाहत्यांचा फोनवर गट आहे, चारशे माणसांचा. त्यात आमचे हे दोन वर्षं होते, ते मला गेल्या आठवड्यात कळलं, तेही तिथून हाकलल्यावर. झालं असं, की मालिकेत ती सासू मरणार अशी बातमी आली. गटात रडारड सुरू झाली. ह्यांनी सवयीने अंगठा दाबला. बायका खवळल्या. गट चालवते एक शिंपीणबाई. तिने लिहिलं, की मरणाचा आनंद होणारी माणसं आम्हाला नकोत, आणि ह्यांना काढून टाकलं. नेमकी रविवारी ती नटी स्वतः गटाशी बोलायला येणार होती.

हे दोन दिवस खिडकीशी बसून. ताटात अर्धं जेवण तसंच. मी ऐकवलं, की खोट्या सासूपायी एवढं तोंड पाडता, माझी आई गेली तेव्हा तर चहा दोनदा घेतलात. त्यावर ह्यांनी खुर्ची आणखी खिडकीकडे वळवली. मग मात्र मला राहवेना. सुनेला शिंपिणीचा नंबर लावायला लावला.

"बाई," मी म्हटलं, "हे अडतीस वर्षं गोदामात होते. आलेल्या प्रत्येक कागदावर खूण करायची, म्हणजे मिळालं. वडील गेल्याची चिठ्ठी तिथेच आली. तिच्यावरही आधी खूण केली, आणि मग पोत्यावर बसून रडले. तुम्हाला नुसती खूण दिसली."

पलीकडची मशीनची खडखड थांबली. शिंपिणीने ह्यांना तिथल्या तिथे परत घेतलं. वर मलाच म्हणाली, की तुमचा आवाज थेट मालिकेतल्या सासूबाईंसारखा, तुम्हीही या की गटात. मी सांगितलं, मला घरचं पुरे आहे.

फोन ठेवला आणि ह्यांना विचारलं, की जगात एवढ्या गोड बोलणाऱ्या नट्या असताना त्या कजाग बाईत काय पाहिलंत? ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, की तू लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने गेली होतीस, तेव्हा घर फार गप्प झालं होतं. ती सासू बोलायला लागली की जरा करमायचं.

सून काहीतरी करपल्याचं निमित्त काढून स्वयंपाकघरात सटकली. काहीही करपलं नव्हतं. मी ह्यांचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला.

"रविवारी जा तिला निरोप द्यायला," मी म्हटलं. "पण दोन ओळी लिहायच्या, नुसता अंगठा चालणार नाही. आणि पुन्हा मी कुठे गेले नि करमेनासं झालं, तर मला फोन लावायचा. मी ऐकवीन पोटभर."