पूल आणि पोट

गाडी शिकवणाऱ्या सरांचे सगळे रस्ते संडासाच्या दारावरून जायचे. आधी पेट्रोल पंप, मग ग्रंथालय, मग मोठं हॉस्पिटल आणि फिरून पुन्हा पेट्रोल पंप. शिकणाऱ्यांना वाटायचं, ही सरांची पद्धतच आहे. परीक्षा घेणारे साहेब मात्र एकदा म्हणाले, "तुमची माणसं गाडी झकास चालवतात हो, पण पेट्रोल पंप दिसला की न सांगता आत का वळतात?"

सरांनी हसून वेळ मारून नेली. खरी गोष्ट अशी होती, की काही वर्षांपासून त्यांचं पोट त्यांना जुमानत नव्हतं. कधी सलग काही दिवस गच्च, तर कधी अशी कळ यायची की ब्रेक कुठला नि क्लच कुठला, काही सुचू नये. बायकोखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

अशात बेकरीवाल्या ताई शिकायला आल्या. "मला जगभर फिरायचं नाही, सर. पुलावरून लेकीकडे जाता आलं म्हणजे झालं. तिला बाळ झालंय."

पूल लांबलचक होता आणि मध्ये थांबायला कुठेच जागा नव्हती. सर म्हणाले, "आधी रिव्हर्स पक्का होऊ दे." रिव्हर्स पक्का झाला. मग म्हणाले, "आज वारा फार आहे." मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू."

शेवटी ताई गाडीतून उतरल्या आणि दार जरा जोरातच लावलं.

घरी सरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्या बाईंनी नातवंड बघायचं की तुमचं पोट बरं व्हायची वाट? उद्या डॉक्टरकडे चला."

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "आतडी धडधाकट आहेत, फक्त चिडकी आहेत. याला इरिटेबल बाउल सिंड्रोम म्हणतात. घाबरण्यासारखं काही नाही. पण म्हणून तुमचा त्रास खोटा आहे, असंही नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकूनच सरांना निम्मं बरं वाटलं. कळ येऊ नये म्हणून जेवणाआधी घ्यायची गोळी मिळाली. शिवाय इसबगोल, रोज एक चमचा, भरपूर पाण्यातून. "सोसेल तसं हळूहळू वाढवायचं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

सरांनी विचार केला, एका चमच्याने गुण येणार असेल, तर तीन घेतले की काम लवकर आटोपेल. दुसऱ्या दिवशी पोटाचा नगारा झाला. गाडीच्या सगळ्या काचा खाली करून ते बसले. शेजारी शिकणारा बँकेतला कारकून थंडीने कुडकुडत म्हणाला, "सर, गाडीतून कसला तरी आवाज येतोय."

"इंजिन गार आहे. पुढे बघा."

रात्री बायकोने फैलावर घेतलं. "नव्या माणसाला पहिल्याच दिवशी चौथा गिअर टाकायला सांगता का? मग पोटालाच कसली एवढी घाई?"

सर वरमले. पुन्हा एका चमच्यापासून सुरुवात झाली. गोळी वेळेवर, पाणी भरपूर. पोट काही एकदम गुणी झालं नाही. मधूनच रुसायचं. पण महिन्या-दोन महिन्यांत कळा कमी झाल्या आणि ग्रंथालयाच्या शिपायाने विचारलं, "सर, हल्ली दिसत नाही?"

मग सर बेकरीत गेले. भट्टीपाशी उभे राहून, आवाज खाली आणून, त्यांनी ताईंना खरं काय ते सांगून टाकलं.

ताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अहो सर, एवढंच होतं होय! मला वाटलं, माझा हातच गाडीवर बसणार नाही म्हणून तुम्ही टाळताय. मी शिकणं सोडणार होते."

सरांना हे कधी सुचलंच नव्हतं. "ताई, तुमच्याइतकी सफाई फार थोड्यांच्या हाताला असते," ते म्हणाले. "चला, आजच जाऊ."

पुलाच्या मधोमध एक ट्रक बंद पडला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या. आणि सरांच्या पोटात कळ उठली.

"चेहरा का उतरला?" ताईंनी विचारलं.

"आलीय."

"येऊ दे. खांदे सैल सोडा, श्वास घ्या. मी आहे ना. बाळाचं नाक कुणावर गेलंय सांगू?" आणि ताई बोलत राहिल्या. नाक झालं, कान झाले, जावई झाला. कळ हळूहळू निवत गेली. पुरती नाही, पण रांग हलेपर्यंत तग धरता आला.

लेकीने दार उघडलं. दारात आई आणि आईच्या मागे एक अनोळखी गृहस्थ.

"नमस्कार," गृहस्थ म्हणाले. "बाथरूम कुठे आहे?"

ते बाहेर आले, तेव्हा मायलेकी हसून हसून बेजार झाल्या होत्या. सरही हसायला लागले. ताईंनी बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

परतताना पूल मोकळा होता. सर सीटला पाठ टेकून नदी बघत होते.

"सर, मागचा हॉर्न मारतोय. जरा वेग वाढवू?"

"वाढवा की."