काळा जाडजूड लॅपटॉप

कोनादूताईला जमीन मोजायच्या कोर्सला अ‍ॅडमिशन मिळाली आणि आमच्या घरात पहिल्यांदाच लॅपटॉप येणार असं ठरलं. लॅपटॉप तिचा होता, पण पाय माझे जमिनीवर नव्हते.

"पोकुआ, जेवू तर देशील?" ती म्हणाली. आंबवलेल्या मक्याच्या केंकेचा अर्धा गोळा तिच्या ताटात तसाच होता.

"वाटेत खा! चांगले सगळे उचलले जातील!"

मी दोन वर्षांपूर्वी शाळा सोडली. तेव्हापासून कुमासीत स्टेशनाबाहेर टेबल टाकून मोबाइल दुरुस्त करते. त्यामुळे आडुम बाजारातल्या दुकानांतला माल मला माहीत आहे. परदेशातल्या ऑफिसांनी वापरून टाकलेले लॅपटॉप कंटेनर भरून येतात, इथे त्यांना पुसून-चकाकवून मांडतात. ताईला त्यावर नकाशे काढायचे होते. तिच्या होस्टेलवर दिवसातून दोनदा तरी लाइट जाते. बॅटरी मेलेली निघाली तर सगळं वर्ष दुसऱ्याच्या मशीनसाठी हात पसरत फिरायचं. आणि दुसरा घ्यायला पैसे नव्हते.

पहिल्याच दुकानात ताई अडकली. चंदेरी रंगाचा, सुरीसारखा पातळ लॅपटॉप होता.

"घ्या मॅडम," दुकानदार अजेकुम म्हणाला. "इंग्लंडहून आलाय. एका प्रोफेसरनं वापरलेला."

गेल्या आठवड्यात हाच प्रोफेसर शेजारच्या दुकानातही होता. मी म्हटलं, "चार्जर काढून दाखव."

"कशाला काढायचा? चालू आहे ना?"

"म्हणूनच काढ."

"ए पोरी, इथे चाळीस मशिनं लावलीत. प्रत्येकाचा चार्जर काढत बसू? घ्यायचा असेल तर घे."

मी वायरला हात घातला. त्यानं माझा हात झटकला. मग मी असं काही बोलले की पलीकडची केळी तळणारी आंटीसुद्धा झारा थांबवून बघायला लागली.

"पोकुआ, पुरे!" ताईचा चेहरा उतरला होता. "लोक बघताहेत. शाळा सोडलेलीनं मला शिकवायचं का आता?"

झोंबलं. मी तडक रस्त्यावर आले. एक डबा दिसला, त्याला लाथ घातली. घे, मनात म्हटलं, घे तो प्रोफेसरचा.

आणि लाइट गेली.

"दुमसोऽऽ!" सगळ्या गल्लीनं लाइट गेल्यावरची नेहमीची बोंब ठोकली. पंखे थांबले, गाणी थांबली. मी मागे वळून बघितलं तर अजेकुमचं दुकान आतून काळंठिक्कर. चाळीस पडदे एका झटक्यात विझले होते. चंदेरीसुद्धा. फक्त एकदम खाली, मोडक्या कीबोर्डांच्या ढिगाशेजारी, एक निळा चौकोन पेटलेला होता.

मी धावले. अजेकुमचा भाऊ जनरेटरची दोरी ओढायला वाकला होता.

"हात लावलास तर बघ!" मी ओरडले. "ताई! खाली बघ! खाली!"

ताई गुडघ्यावर बसली. काळा, विटेएवढा जाड, एका कोपऱ्याला पोचा आलेला लॅपटॉप. तिनं पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात तिच्या कोर्सचं सॉफ्टवेअर आणि सरावाचा नकाशा होता. मशीन घुरघुरलं, थांबलं, पुन्हा घुरघुरलं. आणि नकाशा उघडला, नदी-रस्त्यांसकट!

"राहू दे जनरेटर!" आंटी बाहेरून म्हणाली. "बघू दे पोरींना किती टिकतंय!"

लाइट नाही म्हटल्यावर कुणालाच काम नव्हतं. दुकानासमोर ही गर्दी! ताई नकाशा फिरवत होती, मोठा करत होती, रेघा मारत होती. एक जण मोबाइलमध्ये वेळ बघून ओरडायचा.

"वीस मिनिटं!"

"बॅटरी किती?"

"ब्याऐंशी!" मी ओरडले. गर्दीनं पेनल्टी अडवल्यासारखा जल्लोष केला.

चाळीस मिनिटांनी अजून एकोणसत्तर होती. तेवढ्यात अजेकुमनं घसा साफ केला.

"हा स्पेशल आहे. याचे चार हजार सेडी."

"काय?" माझं डोकंच फिरलं. "आत्तापर्यंत धूळ खात होता तो! तुला तरी माहीत होतं का तो जिवंत आहे ते?"

ताईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, पुन्हा गप्प करणार. पण तिनं लॅपटॉप उचलून गर्दीकडे वळवला. झाकणाच्या मागे चिठ्ठी होती.

"दोन हजार सहाशे," तिनं मोठ्यानं वाचलं. "बॉस, हे अक्षर तुमचंच ना?"

"वाच, वाच! मोठ्यानं वाच!" गर्दी खिदळली.

"दादा, तुझंच अक्षर आहे," त्याचा भाऊ हळूच म्हणाला.

अजेकुमनं आधी भावाकडे खाऊ की गिळू असं बघितलं, मग आंटीकडे. "न्या बाई, न्या. आणि हिला पुन्हा माझ्या दुकानात आणू नका."

"वर बॅग दे," मी म्हटलं.

"बॅग?"

"आणि माउस."

दोन्ही मिळालं. पण ताई लॅपटॉप बॅगेत ठेवायलाच तयार नव्हती. भर रस्त्यात दोन्ही हातांवर उघडाच धरून ती चालत होती, समोर बघतच नव्हती. मी पुढे धावत लोकांना बाजूला सारत होते.

"सरका, सरका! ताई, गटार! डावीकडे हो! किती राहिलीय?"

"सदुसष्ट!" ती हसत ओरडली. "पोकुआ, अजून सदुसष्ट!"